अक्काची बिडाची मोटार

माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीची बिडाची मोटार मी फोटो काढायला म्हणून घरी आणली, तिची हुबेहूब नक्कल ओतून घेतली, अस्सल स्वतःच्या कपाटात ठेवली आणि नक्कल बहिणीला परत नेऊन दिली. तिला कळणार नाही असं मला वाटलं. तेव्हा माझं वय अडुसष्ट होतं, त्यामुळं पोरवय होतं असंही म्हणता येत नाही.

मोटार म्हणजे रस्त्यावरची नव्हे. वीतभर लांबीची खेळण्यातली लॉरी. पुढं लांब नाक, मधे केबिन, मागं उघडा हौदा आणि केबिनमध्ये गाडीबरोबरच ओतलेला, नाकडोळे झिजलेला ड्रायव्हर. बीड म्हणजे ओतीव लोखंड. जुन्या तराजूची वजनं, शिलाई मशीनचे पाय ज्याचे असायचे ते. त्याच लोखंडाच्या लॉऱ्या, बग्ग्या, आगीचे बंब साहेबाच्या मुलखात पोरांसाठी ओतत असत. हातात घेतलं की मनगट खाली जातं. पोरानं आपटली तर फरशीला खड्डा पडतो, मोटारीला काही होत नाही. आपल्याकडं ही खेळणी छावणीतल्या गोऱ्यांच्या पोरांबरोबर आली आणि साहेब गेले तेव्हा जड म्हणून मागं राहिली, असा माझा सिद्धांत आहे. तो मला कुणी विचारलेला नाही.

निवृत्त झाल्यावर मी ही खेळणी जमवायला लागलो. लोक देवदर्शनाला जातात, मी जुन्या बाजारात जायला लागलो. पहिल्याच महिन्यात एक आगीचा बंब घेतला. विकणारा म्हणाला, "सौ साल पुराना है साब, मेरे दादा के दादा का." घरी येऊन पाहतो तर हाताला लाल रंग. तळाला डोक्यावर अधिकची खूण असलेला, आजकालचा चकचकीत स्क्रू. दादाच्या दादाकडं असला स्क्रू कुठून आला हे विचारायला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "बहुत आगे के आदमी थे." पुढं हळूहळू शिकलो. जुन्या मालाचे दोन अर्धे भाग इतके नीट जुळलेले असतात की मधली रेघ नखाला लागत नाही, आणि ते स्क्रूनं नाही, रिबीट ठोकून जोडलेले असतात. जुना गंज चॉकलेटी आणि गुळगुळीत, नवा गंज केशरी. नकली मालावर बोट फिरवलं तर रवा पसरल्यासारखं लागतं. ही सगळी विद्या मी दुसऱ्यांच्या लबाड्या पकडायला शिकलो आणि स्वतःची लबाडी करायला वापरली.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये काचेचं एक कपाट आहे. मूळ ते बायकोच्या चिनीमातीच्या भांड्यांसाठी घेतलेलं. त्यात एकतीस गाड्या झाल्या तेव्हा भांडी पलंगाखाली गेली. बायको पाहुण्यांना कपाट दाखवताना म्हणायची, "हे ह्यांचं भंगार, आणि हे ते स्वतः." पण एकतीस गाड्यांत माझी स्वतःची अशी एकही नव्हती. सगळ्या कुणाच्या तरी पोरांनी खेळलेल्या. आमच्या लहानपणची एकच मोटार होती, आणि ती फुलंब्रीला अक्काच्या स्वयंपाकघरात दाराला पाचर म्हणून लावलेली होती.

ती अक्काकडं का, हे सांगायला पाहिजे.

आमच्या वडिलांचं, आबांचं, क्रांती चौकाच्या अलीकडं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप, पाण्याचं एक घमेलं आणि भिंतीला टांगलेली टायरं. शाळा सुटली की अक्का आणि मी तिथं. ट्यूब पाण्यात धरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं, हे काम अक्काचं. ती दहा वर्षांची असेल, पण मोठ्या मोठ्या कारागिरांना न सापडणारं भोक तिला सापडायचं. मोठे बुडबुडे कुणालाही दिसतात. ती ट्यूब गालाला लावायची आणि म्हणायची, "आबा, इथं." तिथं काही दिसायचं नाही. आबा तिथंच पट्टी चिकटवायचे आणि हवा टिकायची. गिऱ्हाईक गंमतीनं म्हणायचे, "पोरीलाच दाखवा." मला हवा भरायचं काम होतं. एकदा मी गप्पांच्या नादात पंप मारत राहिलो आणि एका गिऱ्हाइकाची नवी ट्यूब फुटली. दुसऱ्या दिवसापासून आबांनी मला बेअरिंगचे सुटे छर्रे निवडायला बसवलं. छर्रे फुटत नाहीत.

आबा अधूनमधून छावणीच्या बाजारातून जुनं लोखंड गोणीनं आणत, सुटे भाग निवडून घ्यायला. एकदा गोणी उपडी केली आणि पायडल, साखळ्या, कमानी यांच्यातून ती हिरवी मोटार घरंगळत बाहेर आली. तीन चाकांवर. मी झडप घातली. आबांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, सायकलच्या बॉटमची, म्हणजे पायडलाचा दांडा फिरतो तिथली, एक जुनी लोखंडी वाटी शोधली, चौथ्या चाकाच्या जागी घट्ट बसवली, आणि मोटार अक्काच्या हातात दिली. मी म्हटलं, "मुली कुठं मोटार खेळतात?" आबा म्हणाले, "खेळायला नाही दिली. ती दुकानात काम करते, तिचा पगार आहे."

तिचा तो पहिला पगार. दुकानातला शेवटचाही तोच. चार-पाच वर्षांनी तिला दुकानात बसवणं बरं दिसत नाही असं लोक म्हणायला लागले, मग तिचं बसणं बंद झालं, मग फुलंब्रीचं स्थळ आलं. लग्नात तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या मधे मोटार होती. सासरच्या बायकांनी ट्रंक उघडली आणि कुणीतरी म्हणालं, "नवरी मोटार घेऊन आली." ही गोष्ट फुलंब्रीत अजून सांगतात, फक्त आता त्यातली मोटार खरी झाली आहे आणि आबा श्रीमंत.

तर दर वर्षी राखीला मी अक्काकडं जायचो आणि पाहायचो, आमची मोटार जमिनीवर पडलेली. परसाकडचं पत्र्याचं दार वाऱ्यानं धाडधाड आपटतं म्हणून अक्का मोटारीचं नाक दाराखाली सरकवायची. दार त्यावर चढून घट्ट बसायचं. वर भाकरीचं पीठ उडायचं, मांजर तिला अंग घासायचं. मला बघवायचं नाही. आम्हा जमवणाऱ्यांना एक आजार असतो. वस्तू दुसऱ्याच्या घरी असली की तिचे हाल चाललेत असं वाटतं. मी दर वर्षी मनात म्हणायचो, मागावी. पण कुठल्या तोंडानं मागणार? तिचा पगार होता तो.

दोन वर्षांपूर्वीच्या राखीला मी म्हटलं, "अक्का, हिचे नीट फोटो काढतो. चार दिवसांत आणून देतो."

अक्का इतक्या वर्षांत बोलायला फुलंब्रीचीच झाली आहे. ती म्हणाली, "ने की. दाराला वरवंटा लावते तवर."

इतकं सोपं होतं. घरी आणून मी ती कपाटात मधोमध ठेवली, आणि मग ती बाहेर काढायला माझा हात उठेना. चार दिवसांचे पंधरा झाले. मग मला ओतकाम करणारा एक मित्र आठवला.

हा माझा शाळेतला वर्गमित्र. चिकलठाण्याकडच्या एका कारखान्यात त्याची सगळी हयात वाळूचे साचे करण्यात गेली, आता मुलाच्या शेडमध्ये हौसेनं बसतो. मी गेलो तेव्हा त्यानं "जय भीम, या" म्हणून स्टूल पुढं केलं. मोटार हातात घेऊन त्यानं ती डोळे मिटून चाचपली, ड्रायव्हरच्या डोक्यावरून अंगठा फिरवला.

"लई हुशार माणसाचं काम आहे," तो म्हणाला. "साच्याचे दोन भाग कुठं जुळले ते कळत नाय. कुणासाठी करायची दुसरी?"

"बहिणीला द्यायची," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

"मग चांगलीच करू. पण एक ध्यानात ठेवा. बीड थंड होताना अंग चोरतं. म्हणून आम्ही नमुना मुद्दाम मोठा करतो. तुम्ही तयार वस्तूच नमुना म्हणून दिली, तर निघणारा माल जरा बारीक निघणार."

"किती बारीक?"

"थोडाच. डोळ्याला नाय कळणार."

मी पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत नकाशे काढले. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या फरकावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वर्षानुवर्षं दावे चाललेले मी पाहिले आहेत. आणि मी म्हणालो, "डोळ्याला कळत नाही ना, मग झालं."

आठवड्याभरानं गेलो तर दोन्ही मोटारी स्टुलावर शेजारी शेजारी उभ्या. नवी अजून राखाडी, बिनरंगाची. मी पाकीट काढलं तर तो म्हणाला, "राहू द्या. बहिणीच्या वस्तूचं काय घ्यायचं." मी पाकीट खिशात घातलं. ते खिशात जड लागलं, पण मोटारीएवढं नाही.

पुढचा दीड महिना मी नकलीला म्हातारं करण्यात घालवला. हिरवा ऑइलपेंट लावला, उन्हात कडक वाळवला, मोटार खिळ्यांच्या पिशवीत घालून हलवली. सायकलच्या दुकानांत हिंडून तसलीच जुनी वाटी चौथ्या चाकाला मिळवली. गंज धरावा म्हणून चहाच्या चोथ्यात मीठ कालवून तो फासला आणि मोटार ओलाव्यात ठेवायला म्हणून तुळशीच्या कुंडीत पुरली. बायको सकाळी पाणी घालायला गेली आणि मातीतून वर आलेलं केबिन बघून तशीच उभी राहिली.

"काय पेरलंय?" तिनं विचारलं.

मी सगळं सांगितलं. सांगताना मला ते बरंच चतुर वाटत होतं.

ती म्हणाली, "तुम्हाला बहिणी किती?"

"एक."

"कळलं तर त्या ओवाळणार नाहीत. मग भाऊबिजेला कुणाच्या दारात जाऊन बसणार आहात? त्या कपाटाच्या?"

"कळायचं नाही," मी म्हटलं. मिठानं तुळस मात्र जळाली. त्या वर्षी तुळशीच्या लग्नाला नवरी नर्सरीतून आणावी लागली.

भाऊबिजेला मी फुलंब्रीला गेलो. पिशवीतून नकली मोटार काढून अक्काच्या हातात दिली. तिनं ती क्षणभर धरली, माझ्याकडं पाहिलं, म्हणाली, "आणलीस व्हय." बस, एवढंच. मग पाट मांडला, मला टोपी घालायला लावली, कुंकू लावलं आणि ओवाळलं. निरांजनाची ज्योत माझ्या तोंडासमोरून फिरत होती आणि मी तिच्या खांद्यावरून पलीकडं, कोनाड्यात ठेवलेल्या माझ्या कलाकृतीकडं बघत होतो. गंज फार छान जमला होता. ओवाळणीत मी दर वर्षीपेक्षा भारी साडी घातली. अक्का म्हणाली, "एवढी कशाला रं?" मी म्हणालो, "असू दे." येताना बसमध्ये मला गाढ झोप लागली. ही गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. गुन्हेगाराला झोप येत नाही म्हणतात, ते काही खरं नाही.

थंडी पडली आणि अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "मोटार तुझ्याकडं ऱ्हाऊन बारीक झाली रं."

"बारीक?"

"व्हय. दाराखाली बसंना. वारं आलं की दार तिला घेऊनच चालतं. तुझ्या बायकोनं उपाशी ठेवली का काय तिला?"

मी नकाशे काढणारा, विज्ञान जाणणारा माणूस. म्हणालो, "थंडी आहे ना अक्का. थंडीत लोखंड आकसतं."

"माझा तवा नाय आकसला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? कबूल केलं असतं. मी ठरवलं, कुणाच्या नकळत अदलाबदल करायची. अस्सल मोटार कपाटातून काढताना बायको बघत होती. तिनं रिकाम्या जागी आपली चिनीमातीची किटली ठेवून टाकली. मी पिशवीत खाली मोटार, वर पेरू, असं करून सकाळच्या बसनं निघालो.

अक्काचे यजमान, आमचे दाजी, अंगणात बाजेवर बसून सुपात तूर निवडत होते. त्यांना कमी ऐकू येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर ऐकू येतं. अक्का मला बघून म्हणाली, "अवचित?" मी म्हटलं, "पेरू आणले." ती चहाला दूध आणायला शेजारी गेली. मी लगेच आत, परसाच्या दाराशी. गुडघ्यावर बसलो, दाराखालची नकली ओढून काढली, पिशवीतली अस्सल काढली. पेरू सगळ्या स्वयंपाकघरात घरंगळले. आणि मग मला कळलं की मला उठता येत नाही. गुडघ्यांनी संप केला होता. दोन हातांत दोन मोटारी असल्यामुळं कशाला धरताही येईना.

अक्का दूध घेऊन आली तेव्हा मी त्याच स्थितीत होतो.

तिनं दुधाचं भांडं ओट्यावर ठेवलं. माझ्यासमोर खाली बसली. दोन्ही मोटारी घेतल्या, एक या तळहातावर, एक त्या. पाहिलं नाही. थोडा वेळ तशीच तोलत राहिली. मग अस्सल मोटार तिनं गालाजवळ नेली, ते वाटीचं चाक बोटानं फिरवलं, कानाशी धरून ऐकलं.

"ही माझी," ती म्हणाली.

मी म्हटलं, "अक्का, चुकलं."

"ते झालंच. एक सांगू का तुला? राखीला तू नेलीस तवाच म्हनलं, आता काय ही माघारी येत नाय. यान्ला बोलले बी होते. म्हनलं, त्याच्याकडं काच हाय, कपाट हाय, हौस हाय. ऱ्हाऊ दे त्याच्याकडंच. मी दाराला वरवंटाच लावला हुता. बरा बसत हुता."

मी हाताजवळचा एक पेरू उगाच पुसत बसलो.

"मग तू भाऊबिजेला माघारी आणलीस. मला लई लागलं ते. म्हनलं, आबाच्या हातची वस्तू, पण भावाला नको झाली. दिवाळी सरली तरी तेच डोक्यात. परवा दार चालायला लागलं तवा कुठं बरं वाटलं."

"बरं वाटलं?"

"व्हय. म्हनलं, नको नाय झाली. चोरलीय."

हे बोलताना ती हसली नाही, पण रागातही नव्हती. मी इतका वेळ तिला फसवल्याची भीती बाळगून होतो, आणि तिला दुखलं होतं ते भलतंच. मी हळूच म्हटलं, कारण माणसाचा लोभ गुडघ्यासारखा पटकन थकत नाही, "म्हणजे, तू देणारच होतीस, तर मग आता..."

"आता नाय," अक्का म्हणाली. "तवा देत हुते." तिनं अस्सल मोटारीचं नाक दाराखाली सरकवलं. दार कुरकुरलं, चढलं आणि घट्ट बसलं. नकली तिनं माझ्या पिशवीत टाकली आणि वर एकेक पेरू गोळा करून ठेवला. "ही तुझी तू केलीस. ठेव तुझ्या कपाटात. छान केलीस पण. गंज अगदी खरा वाटतो."

"राखीला येऊ ना?" मी विचारलं.

"येशील न्हाय तर जाशील कुठं? पण जाताना पिशवी उघडून दाखवायची."

तिनं मला काखेत हात घालून उठवलं आणि बाहेर आणलं. दाजींनी तूर निवडणं थांबवून "काय झालं?" असं नुसत्या हनुवटीनं विचारलं. अक्कानं त्यांच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मोठ्यानं, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल असं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केली म्हनतो, आन् एक मोटार धड चोरता येईना ह्याला."